वृत्तपत्राचे स्वातंत्र्य कोणाचे?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि पुढे महाराष्ट्रात गावोगाव अशी ज्ञानसत्रे भरू लागली. या व्यासपीठांवरून पंडितांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी समोर सतरंजीवर बसून ऐकावे, असा रिवाज आहे. आम्ही पंडित नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण अर्ध्यावर सुटले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांवर आणि कारखान्याच्या फाटकावरच्या सभांतून झाले. तेव्हा आज जो इतिहास आम्ही सांगणार आहोत, तो फाटकाच्या बाजूने पाहिलेला आहे, एवढे श्रोत्यांनी आधीच ध्यानात घ्यावे.

वृत्तपत्राचे स्वातंत्र्य म्हटले की डोळ्यांसमोर दोन माणसे येतात. एक संपादक आणि दुसरा सरकारी अंमलदार. एक लिहितो, दुसरा त्याला पकडतो. हा झगडा सुशिक्षितांचा आहे, आपला नव्हे, अशी कामगारांत सर्रास समजूत आहे. "पेपर त्यांचे, कोर्ट त्यांचे, एखादा पेपर बंद पडला तर आमच्या ताटातली भाकरी कमी होते का?" असा सवाल आम्हांला फाटकावर कितीतरी वेळा ऐकावा लागला आहे. सवाल रोखठोक आहे आणि त्याला शिव्या देऊन चालणार नाही. आमच्या मते त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या वृत्तपत्रांच्या आणि कामगारांच्या इतिहासात दिलेले आहे. ते उत्तर आमच्या वाडवडिलांनी दिले, आणि त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते.

देशी भाषेचे भय

मराठी वृत्तपत्र मुंबईत जन्मले. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी 'दर्पण' काढले. त्यात इंग्रजी आणि मराठी असे दोन्ही मजकूर शेजारीशेजारी असत. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात लोकहितवादींची शतपत्रे येऊ लागली. ही पत्रे थोड्यांनी थोड्यांसाठी चालवलेली होती. त्यांतून राज्यकर्त्यांच्या चुका दाखवल्या जात आणि आपल्या समाजाचेही वाभाडे निघत. पण सरकारची झोप उडावी एवढा त्यांचा पसारा नव्हता. १८३५ साली मेटकाफने छापखान्यावरची बंधने सैल केली होती. १८५७ च्या उठावात ती पुन्हा आवळली गेली. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव घालणे सक्तीचे झाले.

खरा घाव आला तो १८७८ साली. लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतील पत्रांसाठी वेगळा कायदा केला. मॅजिस्ट्रेटने छापखानेवाल्याला बोलवावे, त्याच्याकडून मुचलका लिहून घ्यावा, तारण ठेवून घ्यावे, आणि मजकूर पसंत पडला नाही तर तारण व यंत्र दोन्ही जप्त करावे. त्यावर कोर्टात दाद नाही. यातली मेख अशी की, हा कायदा इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. कलकत्त्याची 'अमृत बझार पत्रिका' बंगालीतून इंग्रजीत आली आणि कायद्याच्या कचाट्यातून निसटली.

एकच मजकूर इंग्रजीत चालतो आणि देशी भाषेत चालत नाही, याचे कारण सरकारला पुरते कळले होते. इंग्रजी पत्र वकिलाच्या टेबलावर पडते. देशी भाषेतले पत्र एक जण वाचतो आणि दहा जण ऐकतात. त्या दहांतला एकेक जण दुसऱ्या दिवशी आपल्या वस्तीत ते पुन्हा सांगतो. वृत्तपत्राचा राजकारणावर परिणाम होतो तो या ऐकणाऱ्यांमुळे. किती प्रती छापल्या हा हिशेब छापखान्याचा. किती कानांवर पडल्या हा हिशेब राजकारणाचा. १८८२ साली लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत तो कायदा रद्द झाला, पण ही गोष्ट राज्यकर्ते पुढे कधी विसरले नाहीत.

'दीनबंधू'

१८७७ च्या आरंभी, म्हणजे लिटनच्या कायद्याच्या वर्षभर आधी, पुण्यात कृष्णराव भालेकर यांनी 'दीनबंधू' पत्र काढले. सत्यशोधक विचाराचे, शेतकऱ्यांचे, कष्टकऱ्यांचे असे हे पत्र. पैशाअभावी ते चालेना. १८८० साली ते मुंबईला आले आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी हाती घेतले. लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले. भोंगा वाजण्याआधी फाटकावर उभी राहणारी माणसे त्यांनी जवळून पाहिली होती.

त्या काळी मुंबईच्या गिरणीत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची सुट्टी नव्हती. पगार कधी मिळेल याचा नेम नव्हता. १८८१ चा फॅक्टरी कायदा झाला तो मुलांपुरता. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांना त्याने हातही लावला नाही. आणि आता श्रोत्यांनी नीट ऐकावे अशी गोष्ट आहे. या फॅक्टरी कायद्यांना पुण्याच्या इंग्रजी 'मराठा' पत्रासकट बहुतेक राष्ट्रीय पत्रांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, ही लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची चाल आहे; हिंदी गिरण्या बुडवण्यासाठी त्यांना मजुराचा कळवळा आला आहे. यात तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. मँचेस्टरवाल्यांचा त्यात स्वार्थ होताच. पण परक्या मालकाचा स्वार्थ दिसला म्हणून आपल्या मालकाच्या गिरणीतला बारा-तेरा तासांचा दिवस दिसेनासा व्हावा, हे कसे? सरकारशी निर्भयपणे झुंजणारी लेखणी गिरणीच्या फाटकाशी येऊन थांबली.

तेथून पुढे 'दीनबंधू'ची लेखणी चालली. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या पाच. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच असावे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती यावा. आणि कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई मिळावी. लोखंडे यांच्या 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'ला हिंदुस्थानातली पहिली कामगार संघटना म्हणतात. पण या संघटनेला सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, घटना नव्हती, असे त्या काळच्या सरकारी अहवालातच म्हटले आहे. मग होते काय? आमचे उत्तर असे की, पत्र होते. आज युनियनची जी कामे आम्ही पावतीपुस्तकाने, बोर्डाने आणि हँडबिलांनी करतो, त्यांतली निम्मी कामे 'दीनबंधू' करीत होता. अर्जात काय लिहिले आहे, सभा कोठे आहे, कोणत्या गिरणीत काय चालले आहे, हे त्याच्या रकान्यांतून चाळीत पोचे. शेवटी १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी निवांत पेपर वाचत बसणाऱ्याने एवढे स्मरावे की, तो रविवार मिळवण्यात एका पेपराचा हात होता.

एवढ्यावर कोणी म्हणेल, मग झाले तर! कामगाराने आपला पेपर सांभाळावा. दुसऱ्यांच्या पेपरांची उठाठेव त्याला कशाला? पण आमच्या वडीलधाऱ्यांनी असा हिशेब केला नाही.

१८८२ चा जामीन आणि १९०८ चे सहा दिवस

जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' निघाला. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या होणाऱ्या हालांविषयी 'केसरी' व 'मराठा' यांनी लिहिले, दिवाण बर्वे यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली, आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. या खटल्यात जामीन हवा होता. तो कोणी दिला? जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून त्यांचे सत्यशोधक स्नेही रामशेठ उरवणे उभे राहिले. फुल्यांचे आणि 'केसरी'च्या मंडळींचे विचार जुळत होते असे नव्हे. पुढे तर ते उभे-आडवे भांडले. तरी संपादकाला लिहिण्यासाठी कोंडले जात आहे एवढे दिसताच सत्यशोधकांनी आपली थैली सैल केली.

यापेक्षा मोठी साक्ष १९०८ सालची आहे. मुझफ्फरपूरला बाँब फुटल्यावर 'केसरी'त दोन अग्रलेख आले. १२ मे चा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली. आरोप राजद्रोहाचा. १८७० साली दंडविधानात घातलेले १२४-अ हे कलम १८९७ च्या पहिल्या खटल्यातच ताणले गेले होते. सरकारविषयी प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा अर्थ तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला समजावून दिला आणि टिळकांना दीड वर्षाची सजा झाली. नशिबाचा खेळ असा की, त्या वेळी टिळकांना जामिनावर सोडवणारे बॅरिस्टर दावर हेच १९०८ साली न्यायाधीशाच्या खुर्चीवर होते. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. मराठी लेखाचा न्याय मराठी न वाचणाऱ्यांनी सरकारी भाषांतरावरून करायचा! टिळकांनी स्वतः आपली बाजू मांडली आणि भाषांतरातल्या चुका एकेक करून दाखवल्या. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा कौल झाला. सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड.

दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरण्या बंद पडू लागल्या. खटला चालू असतानाही काही गिरण्यांतून माणसे बाहेर पडली होतीच. आता शिक्षेच्या एकेका वर्षाला एक दिवस याप्रमाणे सहा दिवस संप झाला. मुळजी जेठा मार्केट बंद झाले, दुकाने बंद झाली, लष्कर रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. हिंदुस्थानातल्या कामगारांचा हा पहिला मोठा राजकीय संप. दूर युरोपात बसलेल्या लेनिनने त्याची दखल घेतली.

त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांत लाखाच्या घरात माणसे कामाला होती. 'केसरी'चा खप वीस हजारांच्या आसपास होता आणि तो साऱ्या महाराष्ट्रात वाटला जाई. म्हणजे संपावर गेलेल्या बहुतेकांनी 'केसरी' हातात धरलेलाही नसेल. त्यांनी तो ऐकला होता. ज्या पक्षाच्या पत्रांनी कामाच्या तासांच्या कायद्याला विरोध केला होता, त्याच पक्षाच्या संपादकासाठी गिरणीतल्या माणसाने सहा दिवसांचा पगार सोडला. तो मूर्ख होता का? नव्हे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या त्या अडाणी माणसाला एवढे कळत होते की, टिळकांसारख्या बॅरिस्टरांच्या बरोबरीने बोलणाऱ्या पुढाऱ्याची जीभ जर सरकार कापू शकते, तर उद्या जॉबरविरुद्ध तक्रार करणाऱ्या साचेवाल्याच्या जिभेची किंमत काय? आमच्या सवालाचे उत्तर हे. जे पत्र आपले नाही, आपल्याविरुद्धही लिहिते, त्याच्याही स्वातंत्र्यात आपला वाटा असतो. कारण त्याला घातलेले कुलूप आपल्या दाराला घालायला नवे बनवावे लागत नाही.

हे अनुभवाने खरे ठरले. १९१० च्या प्रेस कायद्याने नव्या छापखान्यांकडून पाचशे ते दोन हजार रुपये तारण मागण्याची तरतूद केली. 'केसरी'सारख्या मोठ्या पत्रांना धाक बसवण्यासाठी बनवलेले हत्यार. पण मोठा खप असलेले पत्र दोन हजार भरून पुन्हा उभे राही. गरिबाचे पत्र पाचशेतच मरे.

'मूकनायक'ची जाहिरात

आता याच नाण्याची दुसरी बाजू. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे 'मूकनायक' निघाले. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांचे साह्य केले. नव्या पत्राची वर्दी लोकांना मिळावी म्हणून 'केसरी'कडे जाहिरात पाठवली. तीही पैसे देऊन. ती घेतली गेली नाही. ही हकीकत बाबासाहेबांनीच पुढे 'बहिष्कृत भारत'मध्ये नमूद करून ठेवली आहे.

१८८२ चा जामीन आणि १९२० ची नाकारलेली जाहिरात शेजारीशेजारी ठेवून पाहा. कोणत्याही कलमाने 'केसरी'ला ती जाहिरात छापण्यास मनाई केली नव्हती. येथे सरकार कोठेच नव्हते. तरीही एका पत्राचे तोंड बंद ठेवण्याचा प्रयत्न झाला, आणि तो स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्यांच्या कचेरीत झाला. आम्ही हे टिळकांचे मोठेपण कमी करण्यासाठी सांगत नाही. १९०८ चे सहा दिवस आमचेच आहेत. परंतु स्वातंत्र्य मागणारा पुष्कळदा आपल्यापुरते मागतो, ही गोष्ट लपवून इतिहास सांगता येत नाही.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्यावर पत्रांतून जे काही छापून आले, त्याला उत्तर द्यायला अस्पृश्यांजवळ पत्रच नव्हते. 'मूकनायक' तोवर बंद पडले होते. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहून काढीत. मदतनीस ठेवायला पैसा नव्हता. १९२९ मध्ये हेही पत्र थांबले. त्याला कोणी जप्त केले नाही. त्याची वर्गणी पुरली नाही. पत्र मारण्याच्या या दोन रीती आहेत, आणि दुसरीचा आवाज होत नाही.

लाल बावट्यापासून संयुक्त महाराष्ट्रापर्यंत

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप चालला. त्यातच गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले. शेतकरी-कामगार पक्षाचे 'क्रांती' हे मराठी पत्र या माणसांचे होते. (पुढे १९४७ नंतर त्याच नावाने ओळखला गेलेला पक्ष वेगळा.) २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड झाली आणि मीरतचा खटला उभा राहिला, तो १९३३ पर्यंत रखडला. त्या खटल्यात बाँब-पिस्तुले हजर करता आली नाहीत. हजर झाली ती पुस्तके, पत्रव्यवहार आणि 'क्रांती'तले लेख. छापलेला कागद हाच मुद्देमाल! १९०८ साली टिळकांवर चाललेला न्याय एकवीस वर्षांनी गिरणीकामगारांच्या पुढाऱ्यांच्या वाट्याला आला.

स्वराज्यानंतर लोकांच्या पत्राचा जोर महाराष्ट्राने पाहिला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. १९५५ च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. लढ्यात शंभरावर माणसे बळी पडली आणि त्यांत कामगार पुष्कळ होते. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी आचार्य अत्रे यांनी दैनिक 'मराठा' सुरू केले. अत्र्यांची लेखणी प्रतिपक्षाला सोलून काढी. तिच्यात अतिशयोक्ती होती, शिव्याही होत्या, आणि प्रत्येक शब्द तोलून घ्यावा असे ते पत्र नव्हते. पण अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांच्या डफावरून जे रात्री ऐकले ते सकाळी 'मराठा'त छापील दिसे, आणि 'मराठा'त वाचलेले रात्री पुन्हा डफावर येई. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत काँग्रेसला घाम फोडला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. वृत्तपत्राने लोकमत घडवले की लोकमताने वृत्तपत्र घडवले? आम्हांला वाटते, चळवळ आधी होती. पत्राने तिला रोज सकाळी एकमेकांची खबर दिली. जेथे चळवळ नाही तेथे नुसत्या अग्रलेखाने राज्ये हलत नाहीत.

स्वराज्यातील कुलपे

परके सरकार गेले की हा झगडा मिटेल असे पुष्कळांना वाटले होते. राज्यघटनेने १९५० साली भाषणस्वातंत्र्य दिले. पत्रांना वेगळा हक्क दिला नाही. जो नागरिकाचा हक्क तोच संपादकाचा, असे बाबासाहेबांनी घटनासमितीत स्पष्ट केले होते. आम्हांला हे फार योग्य वाटते. संपादकाचे स्वातंत्र्य ही काही वेगळी इनामाची जमीन नव्हे; ती तुमच्या-आमच्या सातबाऱ्यातलीच आहे.

घटनेला चार महिने होतात न होतात तोच दोन खटले सर्वोच्च न्यायालयात आले. मुंबईत छापल्या जाणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या डाव्या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली होती. दिल्लीत 'ऑर्गनायझर' या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचाराच्या पत्राला मजकूर आधी दाखवून छापण्याचा हुकूम झाला होता. ही दोन पत्रे एकमेकांचे तोंड पाहणारी नव्हेत. २६ मे १९५० रोजी, एकाच दिवशी, न्यायालयाने दोन्ही हुकूम रद्द केले. एकाच्या बाजूने लागलेला निकाल दुसऱ्याच्याही उपयोगी पडला. सरकारने मग १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती करून बंधनांची कारणे वाढवली, हेही सांगितले पाहिजे.

पुढे सरकारने पानांच्या संख्येवर किंमत बांधण्याचा कायदा केला. हेतू चांगला सांगितला होता. बड्या पत्रांनी जास्त पाने स्वस्तात देऊन लहान पत्रांना बुडवू नये. पुण्याच्या 'सकाळ'ने त्याला आव्हान दिले. त्याच्या वाचकांनीही स्वतंत्र अर्ज केले होते, ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. १९६१ साली न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. पाने मोजण्याचा अधिकार सरकारला दिला तर उद्या मजकूरही मोजला जाईल, ही भीती खोटी नव्हती. निकाल योग्यच झाला. पण लहान पत्र जगावे कसे, हा प्रश्न तसाच राहिला आणि पुढेही कोणी तो मनावर घेतला नाही.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली. दिल्लीत छापखान्यांची वीज तोडली गेली. सेन्सॉरने पाहिल्याशिवाय ओळ छापायची नाही, असा हुकूम निघाला. चार वृत्तसंस्था मोडून एक 'समाचार' केली. प्रेस कौन्सिल गुंडाळले. संसदेत बोललेले छापण्याचे संरक्षणही काढून घेतले. कामगारांचे बोनस आणि महागाई भत्ता याच दिवसांत कापले गेले, आणि त्याविरुद्ध निघालेल्या आवाजाची बातमी कोठे येत नव्हती. पेपर बंद पडला तर ताटातली भाकरी कमी होते का, या सवालाला यापेक्षा सरळ उत्तर आम्हांला ठाऊक नाही.

त्या काळात सानेगुरुजींनी स्थापलेल्या 'साधना'ने मान तुकवली नाही. मुंबईत मिनू मसानी यांनी आपल्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकासाठी सेन्सॉरविरुद्ध दावा लावला आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. साऱ्या पत्रांना एकाच वाऱ्याच्या दिशेने शिडे फिरवायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, अशा आशयाचे त्यात सांगितले. मसानी खाजगी भांडवलाचे कट्टर पुरस्कर्ते. आमच्या चळवळीचे आणि त्यांचे कधी जमले नसते. पण तो निकाल मसानींइतकाच आमच्या हँडबिलाच्याही कामाचा होता.

पैशाचे कुलूप

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. त्यात असलेली जुनी माणसे आम्हांला सांगत की, पहिले काही आठवडे त्यांची बातमी पहिल्या पानावर होती, मग आत गेली, मग नाहीशी झाली. आणि संप मात्र चालूच होता. तो रीतसर मागे घेतल्याची बातमी कधी आलीच नाही, कारण तो तसा मागे घेतलाच गेला नाही.

बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांवर व्याख्यान दिले होते. त्यात त्यांनी हिंदी वृत्तपत्रांवर कोरडे ओढले. पत्रकारिता हा एके काळी पेशा होता, आता तो साबण बनवण्यासारखा धंदा झाला आहे, असा त्यांचा आरोप होता. २००९ च्या निवडणुकांत उमेदवारांकडून पैसे घेऊन त्यांची स्तुती बातमी म्हणून छापण्याचे प्रकार उघडकीला आले. पी. साईनाथ यांनी महाराष्ट्रातले नमुने चव्हाट्यावर मांडले आणि २०१० साली प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर लांबलचक अहवाल दिला. साबण निदान वजनावर विकला जातो!

आम्हांला स्वतःलाही या कुलपाचा अनुभव आहे. एका औद्योगिक वसाहतीत आमचा संप महिन्यावर चालला. जिल्ह्याच्या पेपरात चार ओळी आल्या, आणि त्याच आठवड्यात त्याच पेपरात कंपनीची अर्धे पान जाहिरात. बातमीदार भला होता. "साहेब, आम्ही सगळे लिहून दिले होते," एवढेच तो म्हणाला. तोही कंत्राटावरचा कामगार. त्याला संघटना नाही, उद्याची खात्री नाही. ज्याच्या डोक्यावर कंत्राटाची तलवार टांगली आहे, त्याच्याकडून निर्भय बातमीची अपेक्षा करायची असेल, तर त्याच्या नोकरीची चाड आपल्याला हवी. तालुक्याच्या एका लहान साप्ताहिकाने मात्र आमची हकीकत पूर्ण छापली. पुढच्या दिवाळी अंकाला त्याच्या जाहिराती निम्म्यावर आल्या. त्या दिवाळीत आमच्या सभासदांनी त्याच्या दोनशे वर्गण्या भरल्या. हे आम्ही उपकार म्हणून केले नाही. आपल्या फाटकावरच्या दिव्याचे तेल आपणच घालायचे असते.

आता पेपराच्या जागी पुष्कळांच्या हाती मोबाईल आहे. त्याने गरिबाला मुद्रणालयाशिवाय बोलता येऊ लागले, हा लाभ लहान नव्हे. पण १८६७ पासून प्रत्येक कागदाच्या तळाशी कोणाचे तरी नाव असे. खोटे छापले तर कोणाला धरायचे ते कळे. आज वस्तीत दंगा पेटवणारा मजकूर शंभर मोबाईलांवर येतो आणि त्याच्या तळाशी कोणाचेच नाव नसते. दुसरीकडे, ज्या १२४-अ कलमाखाली टिळक मंडालेला गेले, ते सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित ठेवले आणि १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत त्या नावाने ते राहिले नाही. परंतु देशाच्या सार्वभौमत्वाला आणि एकतेला बाधा आणणाऱ्या कृत्यांचे कलम १५२ तिच्यात आले आहे. कुलपाचे नाव बदलले तरी किल्ली कोणाच्या हाती आहे हे नागरिकाने पाहत राहिले पाहिजे.

श्रोतेहो, विद्वान वक्ते शेवटी तत्त्व सांगतात. आम्ही संघटनेची माणसे. आम्ही काम सांगतो. घरी येणाऱ्या पेपराव्यतिरिक्त एका तरी लहान, गरीब, खरे बोलणाऱ्या पत्राची वर्गणी भरा. आपल्या गावच्या बातमीदारावर हात उचलला गेला किंवा त्याची नोकरी गेली, तर त्याच्या फाटकावर जाऊन उभे राहा. आणि ज्या पत्राचा तुम्हांला संताप येतो, त्याला सरकारने किंवा झुंडीने बंद करू पाहिले, तर त्या दिवशी तुमचे भांडण बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडा. १९०८ साली वाचता न येणाऱ्यांनी एवढे केले. आपल्याला तर वाचता येते.